डाव्या डोळ्याखाली

बाई : नाही, बसत नाही. आधी हे कुणाचं ते सांगा.

आबा : सांगाले काय शे? शेपटाना केस शे. घोडीना. पांढरा. तीन पदरी गुंफेल शे नि शेवटले गाठ.

बाई : कुणाच्या घोडीचा?

आबा : गावमा पांढरी घोडी एकज शे बाई, नि ती तुमना मांगे बांधेल शे. तुम्हले ठाऊक शे म्हनीसन तर नीट मन्हा दारले उन्यात.

बाई : गेला पंधरवडा माझ्या दाराच्या कडीला हे बांधलेलं सापडतं. सकाळी उठावं, दार उघडावं, की हे लोंबतंय. सोडून चुलीत टाकलं की दुसऱ्या दिवशी नवं. परवा त्याच्याबरोबर नाल होती, झिजलेली. मी इथं एकटी राहते, आबा. हे मनमाडला असतात, रेल्वेत. आणि माझी ही अशी अवस्था, ती काही आता झाकत नाही. अशा बाईच्या दाराला केसांची गाठ कोण आणि कशाला बांधतं, ते मला कळतं.

आबा : कसाले बांधस?

बाई : माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

आबा : वदी टाका ना. करनी. रतिलालनी मास्तरीनबाईवर करनी करी. हाईज म्हनाले उन्यात ना?

बाई : मी तुमचं नाव घेतलेलं नाही.

आबा : नाव नही लिधं, बोट दाखाडं. सारंगखेडाना घोडेबाजारमा दलाल बी असंज करतस. तोंडवाटे चकार शब्द नही, नुसतं घोडाना पायकडे बोट दाखाडतस नि पुढे निंघी जातस. घेनारा मंग रातभर तो पायज देखत बठस.

बाई : मी दलाल नाही. बोर्डाच्या शाळेतली शिक्षिका आहे.

आबा : मंग शिक्षिकानी आमनं बी ऐकानं. मन्ही नात दगू, तुमनी शाळा सोडीसन घरमा बठी शे. कोनामुळे?

बाई : तेच विचारायला मी तीनदा येऊन गेले! तिन्ही वेळा तुमच्या सूनबाईंनी दाराआडून 'पोट दुखस' एवढंच सांगितलं. पोट दुखणारी मुलगी गोठ्यात घोडीशी बोलत बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आबा : पोट खरंज दुखस तिन्हं. सकाय व्हयनी का दुखस. उलटी करस. पाटी हातमा लेस नि उंबरामा बठी ऱ्हास. मंग तुमनी घंटा वाजी जास, पोऱ्ये आत जाईसन बठतस, का दुखनं थांबनं.

बाई : घंटा झाली की थांबतं. मोठं सोयीचं दुखणं आहे.

आबा : सोंग नही ते. मन्हा केस घोडासमा पांढरा व्हयनात बाई. ज्या जागावर घोडाले एकदा मार बठना, ती जागा उनी का तो अडस. कान मांगे, अंगले घाम, मुततस बी काही. त्याले तुम्ही सोंग म्हनशात? मी म्हनस नही. मी त्यान्हा मालकले इचारस, आठे याले मार कोनी दिधा?

बाई : म्हणजे मी मारलं.

आबा : मी नाव नही लिधं.

बाई : बोट दाखवलंत.

आबा : दाखाडं. डावा डोयाखाले फोड उठेल शे तिले. काया पडी गया तेवढा गाल. तिन्ही माय शांती इचारी इचारी दमी गयी, पोर तोंड उघडस नही. फडकं बांधीसन हिंडस. फूटपट्टीनी कड लागनी का अशीज फोड येस.

बाई : फोड? कधी?

आबा : ते तुम्ही सांगा.

बाई : अहो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेला जी गेली, त्यानंतर ती शाळेत पाऊल टाकायला तयार नाही. मी मारायला ती आधी माझ्यासमोर नको का? आणि काळी पडली म्हणता? थांबा. डाग दिलात की काय तिला? पोटदुखीला तापल्या विळ्यानं डागतात इकडे, मी ऐकून आहे.

आबा : डागतस काही लोक, पोटले. गालवर कोन डागी? इतली गोरी पोर, उद्या पाव्हना देखाले येतीन...

बाई : आलं ना तोंडात! पाहुणे! मला वाटलंच होतं. कोरीटहून कोणी पागोटंवाले येऊन गेले, मुलं सांगत होती. तिसरीतली पोर, आबा! अजून तिला पदर सावरता येत नाही.

आबा : कोरीटना पाव्हना घोडी देखाले उनथात.

बाई : घोडी.

आबा : घोडी. त्यास्ना घर लगीन शे, मिरवनुकले पांढरी पायजे. मी परखी शे बाई. तापीना दोन्ही काठना लोक घोडा घेवाना आधी माले लई जातस. खोड काढाले. अंगवर केसना भोवरा कोठे शे, कोन्या बाजूले फिरस, शुभ का अशुभ, ते मी आंधारामा बोट फिराडीसन सांगस.

बाई : घोडं कुठं पेंड खातंय ते मलाही कळतं. पाहुणे नसतील तर कापूस असेल. वेचणीचे दिवस आहेत. घरची पोर म्हणजे फुकटचे दोन हात.

आबा : घोडाले आम्ही पेंड देतस नही, हरभरा देतस. नि कापूसनं इचारतस, तर तेबी ऐका. शांती तिले वावरमा लई गयी व्हती. म्हने, चाल, दोन्ही हाते वेचाले शिकाडस तुले. तशी पोर जी पयनी, ती सांजले घर उनी. भाकर शिक म्हनं तरी पयस. गोधडीना टाका दाखाडस म्हनं तरी पयस. आधी मायना पदर सोडे नही, 'माय, माले शिकाड, माले शिकाड'. आते कोनी शिकाडानं नाव लिधं का पोर गोठामा. हाई काय व्हयनं तिले? तुम्ही शाळामा काय शिकाडं असं, का तिले शिकानंज भ्याव बठनं?

बाई : मी? दिवाळीनंतर मी इथं रुजू झाले. महिनाभर ती पहिल्या ओळीत बसायची. माझ्या आधी हात वर. माझी पाण्याची कळशी बोरिंगवरून तीच आणून द्यायची. मी एकदाही तिच्यावर आवाज चढवलेला नाही.

आबा : आपली घोडी कोनी खोडीनी सांगस नही.

बाई : म्हणजे?

आबा : म्हनजे बाजारमा कोनलेबी इचारा, तो आपला जनावरले चांगलंज म्हनी. तुम्ही तुमनी शाळाले चांगलंज म्हनशात. नि आते दिपोटी साहेब येवाना शे ना तपासनीले? पटवर पोरी कमी दिसतीन, म्हनीसन हाई धावपय.

बाई : येणार आहे साहेब. आणि मुली कमी आहेत, मी कशाला लपवू? पण त्यासाठी या पोटानं गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौथ्यांदा चालत आले असं वाटतं तुम्हाला?

आबा : माले काय वाटस ते सोडा. एक इचारू? बोलता बोलता तुम्ही घडीघडी पदरना शेव चाचपतस. तठे गाठमा काय बांधेल शे?

बाई : ते तुमच्या कामाचं नाही.

आबा : तुमना दारले काय बांधेल व्हतं ते मी सांगानं, नि मन्हा आंगनमा तुम्ही पदरमा काय बांधीसन उन्यात ते मी इचारानं नही?

बाई : नाही विचारायचं. ती केसांची गाठ इकडे द्या. पोलीस पाटलांना दाखवते.

आबा : थांबा. घाई करू नका. उजेडमा धरू द्या जरासी... बाई, हाई मोठा मानूसना हातनं काम नही.

बाई : कशावरून?

आबा : गुंफन देखा. बारीक बोटस्नी शे. नि केस कातरेल नही, एकेक उपटेल शे, मुयसकट. मन्ही घोडी मांगे कोनले उभं ऱ्हावू देस नही. शांतीले लाथ मारेल शे तिनी, चाकरना गुडघा फोडेल शे. तिन्हा शेपटाले हात लावनारं या घरमा दोनज मानसं. एक मी.

बाई : आणि दुसरं?

आबा : दगू.

बाई : कुठं आहे ती? बोलवा तिला.

आबा : बलावानं काय? तुमना आवाज ऐका तैपासून ती गव्हानना मांगे दपेल शे. बठ्ठं ऐकी ऱ्हायनी व्हई. दगू! वं दगू! बाहेर ये बेटा.

(गव्हाणीमागून दहाएक वर्षांची मुलगी उभी राहते. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत फडकं बांधलेलं. घोडीच्या मानेवरचा हात ती काढत नाही.)

दगू : मी तठे येवाव नही. बाईस्ले सांगा, मांगे सरका.

बाई : दगू, मी काही करणार नाही तुला.

दगू : मन्हासंगे बोलू नका बाई. तुम्ही बोलन्यात का काही ना काही शिकाडतस.

आबा : हाई गाठ तू बांधी?

दगू : हा.

आबा : नाल बी?

दगू : हा. जुनी व्हती. खुंटीले टांगेल व्हती.

बाई : का गं? मी तुझं काय वाईट केलं होतं?

दगू : नही! वाईट नही बाई! आबा, तुम्ही सांगा ना त्यास्ले. आपली घोडीना गयामा देवमण शे ना, शुभ भोवरा? तुम्हीज म्हनतस, देवमणवाली घोडी जठे ऱ्हास तठे वाईट पाय ठेवस नही. घोडी त काही बाईना दारमा बांधता येस नही. म्हनीसन केस बांधं.

बाई : म्हणजे ते... ते माझं भलं व्हावं म्हणून?

दगू : तुम्ही रोज जायी टाकतस. मी रोज नवं करस. घोडीले दुखस.

बाई : पण माझ्या घरात वाईट कशाला येईल?

आबा : बोल बेटा. कोनी सांगं तुले?

दगू : तुम्ही.

आबा : मी?

दगू : जत्रामा. ती काईकुट्ट घोडी नही का, चमकदार, मखमलनी गादी टाकेल. घेनारानी तुम्हले बलावं. तुम्ही तिन्हा डोयाखाले बोट लावं नि लगेज हात झटका. म्हनं, आसूढाळ शे, घरमा लेऊ नका.

बाई : आसूढाळ म्हणजे?

आबा : डोयाखाले केसना भोवरा ऱ्हास बाई, काही घोडास्ले. आसू गयना ना, तसा दिसस. अशी घोडी कोनी घेस नही. पन त्यान्हं आठे काय...

दगू : मी इचारं, घेतली त काय व्हस? तुम्ही म्हनं, जो तिले शिकाडी त्यान्हा घरमा पह्यलं रडनं. मी इचारं, डावा डोयाखाले व्हई तर? तुम्ही म्हनं, डावा त सगळास्मा वाईट.

आबा : म्हनं व्हई. गर्दी व्हती. तू मन्हा हात धरीसन सतरा गोष्टी इचारी ऱ्हायनी व्हतीस... अरे देवा.

बाई : मला नीट सांगा कोणीतरी. हिला कुठं भोवरा आहे?

आबा : भोवरा नही वं बाई. दोन वरीसनी व्हती, देवी उन्यात तिले. अंगवरना बठ्ठा फोड भरी गयात, एक वन ऱ्हायी गया. डावा डोयाखाले. गोल. आम्ही लाडे लाडे देवीनी टिकली म्हनतस.

दगू : इंद्रसिंग गुरुजीस्नी माले शिकाडं. मन्हा हात धरीसन पाटीवर पह्यलं नाव त्यास्नीज काढं. मंग त्यास्नी बायको मरनी. गुरुजी फयाकडे तोंड करीसन रडनात. पोऱ्यास्ले वाटनं, लिखी ऱ्हायनात. फयावर काहीज नही व्हतं. मंग त्या बदली करीसन चालना गयात नि तुम्ही उन्यात. तुमना पोटमा बाळ शे.

बाई : म्हणून तू शाळेत येत नाहीस.

दगू : मी येवाले देखस. रोज देखस. पाटी लेस, उंबरामा येस, मंग तुमनं पोट आठवस नि मन्हं पोट दुखस. घंटा वाजनी का बरं वाटस. वाटस, आज बी तुम्ही वाचन्यात.

बाई : आणि आई भाकरी शिकवते म्हणाली तेव्हा...

दगू : माय बी रडाले नको ना.

आबा : नि हाई फोड, दगू? खरं सांग. कोनी मारं?

दगू : कोनीज नही. बिब्बा लावा मी.

आबा : बिब्बा!

बाई : अगं, डोळ्याच्या इतक्या जवळ! आंधळी झाली असतीस! कुणी शिकवलं तुला हे?

आबा : मी. मी शिकाडं बाई. दलाल लोक अशुभ भोवरा मिटाडाले तठे बिब्बा लावतस, कातडं जयस, नवा केस उलटा येस. मी तिन्हं बोट धरीसन एक घोडाना अंगवर फिराडं, म्हनं, देख, आठे लबाडी करेल शे. माले वाटनं, पोर हुशार शे, परख शिकी.

दगू : गया नही तरी. काया व्हयना नि आजून मोठा दिसस.

बाई : खोबरेल लावलंत का तिला? नुसतं फडकं बांधून ठेवलंय!

आबा : हात लावू देस नही कोनले. दगू, आठे ये. उजेडमा ये. बाई दूर उभ्या ऱ्हातीन. सोड ते फडकं. हां. मान वर कर. आते देख, मी तापीकाठना परखी शे का नही?

दगू : शे.

आबा : मन्हं बोट कधी चुकनं?

दगू : नही.

आबा : मंग मी तुले सांगस. भोवरा केसना ऱ्हास. केस फिरना पायजे. आठे केसज नही. हाऊ देवीना वन शे. याले आसूढाळ कोनी म्हनाव नही. तुन्हामा खोड नही बेटा. तू उत्तम शे.

दगू : तुम्ही त म्हनशातज.

आबा : काबर?

दगू : आपली घोडी कोनी खोडीनी सांगस नही.

आबा : मन्हाज दाना, मन्हीज घोडी, नि मालेज लाथ. मन्हं बोलनं हाई पोर धराव नही. मीज शिकाडं तिले, कोनना बोलनावर इश्वास ठेवू नको म्हनीसन.

बाई : मग बाजारात काय करतात? मालकाचं कोणी ऐकत नाही, तर खोड असलेला घोडा विकलाच जात नाही का कधी?

आबा : इकाई जास. पन मंग मालकनी लपाडानं नही. चार लोकस्मा खोड दाखाडी देवानी, बोट लायीसन. घेनारा म्हनस, 'देखीसन लिधी'. मंग लगामना शेव उघडा हातमा नही देत, त्यान्हा कपडामा देतस. एकदा 'देखीसन लिधी' म्हनं, का पुढे काहीबी व्हवो, मालकले नि जनावरले दोष नही. मंग घोडी बी मोकयी नि मालक बी.

बाई : दगू, मी जवळ येऊ?

दगू : नको.

बाई : बरं, इथूनच बोलते. तू दाखव. बोट लावून दाखव मला तुझी खोड. मी घेणार आहे ना तुला वर्गात? मग मला बघू दे.

दगू : ...हाई. आठे. डावा डोयाखाले.

बाई : पाहिली. आता मी म्हणते...

दगू : थांबा! आबा, दोष नही म्हनजे काय? बाई रडाव नहीत असं?

आबा : नही बेटा. तितलं मन्हा हातमा नही. दोष नही म्हनजे, त्या रडन्यात तर ते तुन्हामुळे नही.

दगू : मंग काय कामनं? रडतीनज ना त्या.

बाई : रडणारच आहे मी. कालही रडले. काल काय, रोज रडते. तुमच्या गावच्या त्या तुरखाट्या आणि पऱ्हाट्या, ओल्याच ओल्या, पेटता पेटत नाहीत. फुंकून फुंकून डोळ्यांतून धार लागते. आसूढाळ असलीच तर ती माझी चूल आहे, तू नाहीस.

दगू : तसं रडनं नही. गुरुजी रडनात तसं.

बाई : तसंही रडलेय मी. आबा, तुम्ही विचारत होतात ना, पदराला काय आहे? गाठ घट्ट झालीय, सुटत नाही... हे घ्या. बघा.

आबा : वाया. लहान लेकरना. चांदीना.

दगू : बाळना शे?

बाई : माझ्या पहिल्या बाळाचा वाळा. एकच उरलाय. दुसरा त्याच्या पायात होता. अकरा महिन्यांचं होऊन गेलं, संगमनेरला. तापानं. तेव्हा मी रडले, गुरुजींसारखी, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा मी तुला ओळखत होते का गं?

दगू : नही.

बाई : हे गाव कुठं आहे ते मला ठाऊक होतं का?

दगू : नही.

बाई : मग ते बाळ कुणाच्या खुणेनं गेलं? सांग ना. तू हुशार आहेस. मी आजवर कुणालाच विचारलं नाही, तुला विचारते. सासूबाई म्हणाल्या, माझ्या पायगुणानं. मी दोन वर्षं ते खरं धरून बसले होते. मीही जेवत नव्हते. मीही कुणाच्या बाळाला हात लावत नव्हते. कुणाच्या बारशाला गेले नाही. दाराला तुझी गाठ पाहिली आणि पुन्हा वाटलं, आलं. पुन्हा माझ्यामुळंच आलं.

दगू : खरं का बाई? का माले शाळामा लई जावाले सांगतस?

बाई : शाळेत न्यायला मी खोटं बोलेन. बाळाबद्दल नाही बोलणार.

आबा : दगू, मी सातशे घोडास्ना तोंड देखेल शेत नि हजार मानसंस्ना. हाई बाई आल्यापासून मन्हा मनमा किंतु व्हता. आते नही. नि गुरुजीस्नी बायकोनं बी ऐक. त्या गावमा उतरन्यात तैज खोकला लईसन उतरन्यात. शांतीनी त्यास्ले अडुळसाना काढा करी दिधा व्हता. तू तैं पाटीले बोट बी नही लावेल व्हतं.

दगू : मंग तुम्ही त्या दिन असं काबर म्हनं? डावा सगळास्मा वाईट.

आबा : लोक ऐकी ऱ्हायनथात. मोठं वाटनं माले. म्हनी दिधं. मन्हा बापनी म्हनं, मी म्हनं. कोन्या घरमा रडनं नही, ते मोजाले मी कधी गऊज नही.

बाई : दगू, इतके दिवस तू गोठ्यात करतेस काय गं?

दगू : पाढा म्हनस. इसरू नको म्हनीसन. घोडीना कानमा म्हनस, सतराना बी. नुसतं म्हनस, शिकाडस नही. ती मान हालाडस. तैं पोट दुखत नही.

बाई : सतराचा? मी अजून पंधराच्या पुढं गेले नाहीये वर्गात.

दगू : मन्हं मीज जुपाडं.

बाई : स्वतःच शिकलीस म्हणजे. मग तुला शिकवणारी कोण? तूच. रडलीस का त्यानं?

दगू : ...रडनू. पन ते पाढामुळे नही.

बाई : तेच म्हणतेय मी. चल, आता मी म्हणू का? आबा, साक्षीला तुम्ही. चार लोक नाहीत, पण ही घोडी धरा.

आबा : घोडी चाली. मानूसपेक्षा बरी.

बाई : डाव्या डोळ्याखालची खूण पाहिली. वर काळी फोड पाहिली, तिला आज रात्री खोबरेल लावायचं. पाहून घेतली.

आबा : तसं नही. बाजारना शब्द म्हना.

बाई : देखीसन लिधी.

आबा : आते पदर पुढे करा. वाया राहू द्या तठेज गाठमा. दगू, तू लगाम नही, तू आपला हात दे. पदरवर दे. उघडा हातमा नही.

दगू : बाईस्ना हात थंडा शे.

बाई : मलाही भीती वाटते गं. उद्या घंटेला पोट दुखलं तर?

दगू : दुखीज.

बाई : मग दुखत दुखत ये. माझंही दुखतं. पहिल्या ओळीत नको, दाराजवळ बस. जास्त झालं की घोडीकडे ये, आणि परत जा. मी विचारणार नाही.

दगू : नि गाठ? उद्या बांधू का नही?

बाई : बांध. पण कडीला नको. माझ्या हातात आणून दे. चुलीत नाही टाकायची मी.

आबा : दगू, घोडीले इचारीसन उपट. एकज केस.

दगू : बाई, एक इचारू? बाळना तोंडवर बी अशी टिकली निंघनी तर?

बाई : निघाली तर निघाली.

दगू : मंग त्याले दुसरा कोनाकडे देवानं नही. त्याले मी शिकाडसू.